हाताने सुरू केलेला बॅकअप

४ मे, सोमवार
सर्व्हर रीबूट केला, पण बॅकअप काही उठला नाही. हाताने सुरू केला. संकल्प: मशीन सुरू झालं की बॅकअपही आपोआप सुरू झाला पाहिजे. दहा ओळींची स्क्रिप्ट. माझ्या डाव्या हातचा मळ.

६ मे
स्क्रिप्ट लिहिली. चालवून पाहिली, चालली! मशीन उठताना तिला हाक मारायची, एवढी एक ओळ राहिली. शुक्रवारी करू. घाईची कामं मला आवडत नाहीत.

८ मे, शुक्रवार
आमच्या सागरी संग्रहालयाचा प्रमुख हेनिंग, त्याने चुकून आगीचा अलार्म वाजवला. जो चुकेल त्याने केक आणायचा, हा इथला नियम. तो पाळला जातोय ना हे मी बघतो, कोणीतरी बघायला हवं. हेनिंग म्हणाला, अरे विल्लाड्स, तू कधी केक आणल्याचं आठवत नाही मला. म्हटलं, त्यासाठी आधी चुकावं लागतं.
ओळ राहिली. केक छान होता.

११ जून
आमच्या संग्रहालयातली बोडिल म्हाताऱ्या खलाशांच्या मुलाखती घेत हिंडतेय. विचारत होती, सर्व्हरवर चढवलं की रेकॉर्डरवरचं पुसू का रे, जागाच उरत नाही. म्हटलं, खुशाल पूस, माझी स्क्रिप्ट आहे.
आहेच की. खोटं कुठे बोललो?

३ जुलै
उद्यापासून सुट्टी. निघताना ओळ आठवली, पण तोवर कोट घातला होता. आपल्याकडे वीज जाऊन जाऊन जाणार किती वेळा?

२७ जुलै, सोमवार
सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी वादळात वीज गेली होती म्हणे. कॉफी घेऊन बघतो म्हटलं. तेवढ्यात बोडिल आली. रडवेली. सर्व्हरची डिस्क गेली. जुलैत, वादळानंतर, तिने आक्सेलची मुलाखत घेतली होती, शेवटच्या शिडाच्या जहाजावरचा माणूस. मागच्या आठवड्यात तो वारला. मुलीला बापाचा आवाज हवाय.
म्हटलं, बॅकअपमधून काढतो.
वीज आल्यावर मशीन उठलं, बॅकअप मात्र वादळापासून झोपलेला. बोडिलला म्हटलं, विजेने घात केला. वीज गेली होती हे तर खरंच आहे.

३० जुलै
उद्या सगळ्यांसमोर सांगणार. केकही मीच आणणार. बेकरीत फोन केला, एंगेज लागला. एकदाच केला.

३१ जुलै, शुक्रवार
बोडिलनेच केक आणला. ब्रुन्सविगर, वर वितळलेली साखर, घरी केलेला. म्हणाली, रेकॉर्डरवरचं पुसायला नको होतं मी, चूक माझीच. हेनिंगने माझ्याकडे पाहिलं, नियम माझ्याकडे ना. मी होकारार्थी मान हलवली.
दोन तुकडे खाल्ले. नसते खाल्ले तर तिला वाईट वाटलं असतं.

३ ऑगस्ट
नवी डिस्क बसवली. रीबूट. बोडिल शेजारी उभी. म्हणाली, आता आपोआप सुरू होतो ना रे?
हो म्हटलं.
ती जाईपर्यंत थांबलो. मग हाताने सुरू केला.