खिंडीपलीकडचा पृथ्वीचा गोल

२३ नोव्हेंबर १९३६, सोमवार
शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांची ऑर्डर आली. शेजारच्या शाळांनी वर्ग जोडून शिकवावे, एकीकडे नसेल ते दुसरीकडून घ्यावे. माझ्याकडे हिंदुस्थानचा नकाशा, खिंडीपलीकडे रज्जाक मास्तरांकडे पृथ्वीचा गोल. वर्ग न जुळल्यास एक मास्तर कमी! कमी झालो तर लोणावळ्याला मामांच्या चिक्कीच्या कढईपुढे जन्म काढायचा. पण कामाला माझ्यासारखाच माणूस हवा होता. संकल्प: शनिवारी पोरांना घेऊन स्वतः खिंड ओलांडणे.
खिंडीत वाघ आहे म्हणतात. मी विजेच्या दिव्याखाली अभ्यास केलेला माणूस. असल्या गप्पांवर विश्वास नाही.

२६ नोव्हेंबर
अंबूबाईंच्या पडवीत राहतो. त्यांना सहज विचारलं. 'वाघ' म्हणताच त्या दचकल्या. म्हणाल्या, नाव घेऊ नगा मास्तर, जनावर म्हना. लय जुनं हाय, कुनाला काय करत न्हाई.
जुनं म्हणजे अनुभवी.
चौथीतल्या नंदाला विचारलं, खिंडीत गुरं कशी नेता? म्हणाली, मोठी म्होरं, मोठी मागं, भितं पोर मधी. खेडवळ पद्धत. मी नेईन तेव्हा डिसिप्लिन असेल.

२८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
फार धुकं. पोरांच्या प्रकृतीला मी जबाबदार. सुट्टी दिली.
पोरं भलतीच खूश. नकाशा पुसून आणतो म्हणून घेऊनही गेली. स्वच्छतेची ही गोडी मीच लावली.

५ डिसेंबर, शनिवार
आज आधी एकट्याने वाट तपासावी असं ठरवलं, म्हणून पोरांना पुन्हा सुट्टी. नकाशा पुन्हा पुसायला नेला.
खिंडीच्या तोंडाशी वाघदेवाचा दगड आहे. नारळ ठेवला. केवळ लोकाचार. तोच करवंदीच्या जाळीत खसफस झाली. छत्री आणि डावी वहाण तिथेच राहिली. घरी येऊन दाराला अडसर लावला.
अंबूबाई म्हणाल्या, कोंडाजीची म्हैस आसंल, तितंच चरती. म्हैस मला ओळखू आली नसती?

८ डिसेंबर
साहेबांनी प्रगती विचारली. रिपोर्ट धाडला: दोन्ही वर्ग एकजीव झाले आहेत. खोटं नाही. मनाने झालेच आहेत.

१० डिसेंबर
मेलो. साहेब इतके खूश की शनिवारी स्वतः खिंडीच्या माथ्यावर जोडवर्ग बघायला येतात. वाघाने खाल्लं तर एकदाच, साहेबांनी धरलं तर जन्मभर चिक्की. ताप आल्यासारखं वाटतंय. कपाळ मात्र थंड. अंबूबाईंनी दोनदा हात लावून पाहिला.

१२ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी
गेलो. शिस्तीवर नीट नजर राहावी म्हणून शेवटी चालत होतो, पण मागे कोणी नाही हे लक्षात येताच ओळीत शिरलो. पुढचं डोळे मिटूनच चाललो, कोणाच्या तरी सदऱ्याचं टोक धरून. इतकं भ्यालो नव्हतो कधी. लिहून टाकतो, वाचणार कोण?
माथ्यावर रज्जाक मास्तर आणि त्यांची पोरं आधीच आलेली. आमची पोरं त्यांच्यात अशी मिसळली की कोण कुठलं कळेना. कोणी न सांगता नकाशा झाडाला लागला, गोल दगडावर बसला. नंदाने गोल फिरवून हिंदुस्थान दाखवला, मग विलायतेची बोटीची वाट बोटाने काढली. साहेबांनी विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाली, ह्या पलीकडच्या मास्तरांनी. आमचे मास्तर शनवारी सुट्टी देत्यात न्हवं, तवा आमी नकाशा घिऊन तिकडंच जातो.
रज्जाक मास्तर माझा हात धरून म्हणाले, आपण दर शनिवारी पोरं आणि नकाशा विश्वासाने धाडता, आपले उपकार. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
साहेबांनी माझ्याकडे बघून निकाल दिला: वर्ग जुळले आहेत, दोन्ही शाळा राहतील. मात्र पोरं मास्तरांवाचून खिंडीत जाणार नाहीत. सोमवारपासून रोज, मास्तरांसह.

१४ डिसेंबर, सोमवार
नोकरी वाचली. खिंड रोजची झाली.
सकाळी पोरांनीच ओळ लावली. नंदा पुढे, थोरला बजरंग मागे. मी कुठे उभं राहावं ते समजेना. आजवर मधे दुसरीतली शालू चालायची. ती बाजूला सरली आणि म्हणाली, मास्तर, तुमी हितं या. मला आता भ्या वाटत न्हाई.