चिडकं आतडं आणि सात तासांची बस

प्रिय ठमे,

फोनच करणार होते, पण तू मध्ये मध्ये बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, चुका काढत बसू नकोस. मागच्या महिन्यात तू म्हणालीस, ताई, यापुढे तुला बोलावणारच नाही, रुसायलाही काही हद्द असते. बरोबर बोललीस. फक्त एवढंच, की मी रुसलेच नव्हते.

तुझ्या लग्नाला मी निघाले होते गं. नवे कपडे घालून बसमध्ये बसलेही होते. दुसऱ्या थांब्यापाशी पोटात अशी कळ आली, की उतरून पळाले. संडास गाठेपर्यंत उशीर झाला होता, पुढचं विचारू नकोस. घरी येऊन कपडे धुतले आणि रडले. आईनं परस्पर ठरवून टाकलं, हिला जावई पसंत नाही. मी तेच चालू दिलं. पोट बिघडलं म्हणण्यापेक्षा नाक मुरडलं म्हटलेलं बरं वाटलं. तुझा वायरमन नवरा बिचारा अकरा वर्षं समजतोय, थोरली मेहुणी आपल्याला मोजत नाही.

तेव्हापासून माझं जग म्हणजे घर, हॉटेलच्या चादरींची आमची लॉन्ड्री, आणि वाटेतले तीन संडास. यंदा शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, दुर्बीण घालून आत पाहिलं, म्हणाल्या, आतडं धडधाकट आहे, फक्त चिडकं आहे. माणूस चिडका ऐकला होता, आतडंही माझ्याच वळणावर गेलं! मी भांडायलाच उठले, म्हणजे मी सोंग करते की काय? तर म्हणाल्या, दुखणं खरंच आहे, पण मेंदू आणि आतड्यामधल्या मज्जातंतूंवरून साधा निरोपही ओरडत जातो. वायरमनला सांग, त्याला कळेल. दारावरची घंटा चांगली आहे, पण माशी बसली तरी वाजते.

औषध दिलं, काय खाल्लं की त्रास होतो ते लिहून ठेवायला लावलं, पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या दिल्या. त्या गिळायच्या होत्या, मी चावल्या. दिवसभर नाकातून गार वारा! शिवाय दर मंगळवारी एका तरुण बाईकडे धाडलं. ती डोळे मिटायला लावते, सावकाश श्वास सोडायला लावते आणि हळू आवाजात पोटाची समजूत काढते. संमोहन म्हणे. पहिल्या दिवशी मी घोरले. दुसऱ्या खेपेला म्हणाली, पोटातून संथ नदी वाहतेय असं बघा. मी म्हटलं, बाई, मला पोहता येत नाही, नदी बघून आणखी कळ येते. मग म्हणाली, तुम्हाला जे संथ चाललेलं आवडतं ते बघा. मला आमच्या लॉन्ड्रीतला इस्त्रीचा गरम, फिरता रूळ दिसला. ओली चादर आत जाताना चुणली, की नवी पोरगी ओढते आणि फाडते. आम्ही जुन्या बायका रूळ मंद करतो, कड सरळ करतो, चादर आपली आपण जाते. तेच पोटात बघायला लागले. कळ आली की ओढायचं नाही, रूळ मंद.

एकदा कामावरच कळ आली आणि मी खराच रूळ मंद करून श्वास सोडत उभी राहिले. शेजारणींनी विचारलं, त्यांनाही शिकवलं. मुकादम येऊन बघतो तर चौघीजणी पोटावर हात ठेवून, डोळे मिटून उभ्या, आणि चादर गोगलगायीच्या चालीनं चाललेली. असा ओरडला म्हणून सांगू! मी म्हटलं, ओरडू नका, तुमचंही आतडं चिडेल. दुसऱ्या दिवशी हळूच त्या बाईचा पत्ता विचारून गेला.

दुखणं पुरतं गेलेलं नाही. जाईल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंही नव्हतं. मधूनच हिसका दाखवतं. पण मी बसचा सराव केला. आधी एक थांबा, मग दोन, गेल्या रविवारी पार शेवटपर्यंत गेले. उतरून एकटीच हसत उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, मावशी, काही सापडलं का?

तर आता नीट ऐक. शनिवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. सात तास, मध्ये दोनदा थांबते. तू बोलावलं नाहीस तरी येणार. तुझी लेक दहा वर्षांची झाली, मावशी तिनं फोटोतच पाहिलीय. हे पत्र वायरमनला आधी वाचून दाखव, माझ्याच्यानं तोंडावर सांगवणार नाही. आणि दार उघडल्याउघडल्या गळ्यात पडू नकोस. आधी संडास कुठे ते दाखव, मग हवं तेवढं रड.

तुझीच,
कधीच न रुसलेली ताई