सव्वीस खांब

कन्हेरी,
६ जानेवारी २०२५

ती. लखनदादास,
विजयमालाचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि जे ऐकू येत नाही ते तू मनाचं घालतोस. तेव्हा आबा होते तेव्हासारखं पत्रच बरं.

बातमी अशी की यंदा ज्योतीचा शेवटचा टप्पा माझ्याकडे आला आहे. जयंती मंडळाची अध्यक्ष यंदा पायल आहे, दादासाहेबांची नात. इंदापूरहून येणारी ज्योत कॅनॉलच्या पुलापासून विहारापर्यंत या वेळी गावातल्या एखाद्या वयस्क बाईने आणावी, असं तिने बैठकीत सुचवलं. सगळ्या बायका खाली बघत सतरंजीचे धागे ओढायला लागल्या. माझ्या तोंडून हो कसं निघालं, मलाच कळलं नाही. घरी येऊन मी पाण्याचा तांब्या घेऊन अर्धा तास नुसती बसले.

नियम तुला माहीत आहे. ज्योत हातात असेल तोवर धावायचं. चालायला लागलं की मागच्याने ज्योत घ्यायची. मी त्रेपन्न वर्षांची, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, शाळेचा एक जिना चढले तर हजेरी घेताना नावं तुटक निघतात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर जाऊन मोजलं. तिथून विहारापर्यंत विजेचे सव्वीस खांब आहेत. मी तिसऱ्याला थांबले. खांबाला धरून उभी होते, तर डेअरीला निघालेल्या दूधवाल्याने गाडी थांबवली आणि विचारलं, बाई, यष्टी चुकली का, बसा मागं, सोडतो.

आमच्या साक्षीने पुण्याहून सांगितलं आहे, एक खांब धाव, दोन खांब चाल, रोज नको, एक दिवसाआड. लेकीने आईला असं शिकवायचं आणि आईने ऐकायचं, असे दिवस आले. हे म्हणतात, धावायला जातीस तर येताना पिशवीभर कोथिंबीर घेऊन ये. माझी फेरी वाया जाऊ नये ही त्यांची काळजी.

तेरा एप्रिलला संध्याकाळी ज्योत पुलावर येईल. सत्त्याण्णव दिवस आहेत. वहिनींना जयभीम. तुझी माया आहे तशीच माझ्या पाठीशी असू दे.

तुझी,
माला

वालचंदनगर,
१५ जानेवारी २०२५

चि. मालास,
लखनचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं आणि सत्त्याण्णव दिवसांपाशी आल्यावर म्हणाली, वन्सं पळत्यात आन् तुमी खुर्चीतनं उठताना पण भिताडाला हात लावताय. मी तिला सांगितलं, पुढच्या वर्षी रिटायर होतोय, मग बघ. तर म्हणते, व्हय व्हय, मग खुर्चीच उचलून न्यावी लागंल.

क्वार्टर रिकामं करायचं म्हणून माळ्यावरच्या वस्तू काढतोय. आबांच्या सायकलची घंटी सापडली. अजून वाजते. वाजवली आणि एकदम तू दिसलीस. दहावीत जायची होतीस, दोन वेण्या, आईचं मुसळ खांद्याशी धरून विहिरीच्या वाटेने धावणारी, आणि तुझ्या मागे सायकलवर आबा. तू ढिली पडलीस की घंटी. मुसळच का, असं मी विचारलं होतं, तर आबा म्हणाले, मशालीचं वजन आधी हाताला कळू दे, मग पायाला. आई बिचारी मसाला कुटायला मुसळ शोधत असायची.

तेव्हा पहाटे त्या वाटेला भुईमुगाचा वास यायचा. आता तिथे सगळा ऊस आहे ना? ताईआत्या अजून विहाराच्या पायरीवर बसते का? आबांच्या बहिणींत ती एकटीच राहिली.

जपून धाव. गुडघ्याला तेल लाव. तीन खांबांचे पाच झाले की कळव. जुन्या गोष्टी फार उकरू नकोस, पायांकडे बघ. आमची आठवण ठेव, आम्ही तुझी काढतोच.

तुझा,
दादा

कन्हेरी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

अकरा खांब झाले. सलग. अकरावा म्हणजे पिठाची जुनी गिरणी नव्हे, तिच्या बऱ्याच आधीचं चिंचेचं झाड. गिरणी तेविसाव्याला आहे, ती अजून मला दुसऱ्या मुलखात असल्यासारखी वाटते.

पहिले पंधरा दिवस पोटऱ्या अशा दुखायच्या की शाळेत फळ्याच्या खालच्या ओळी मी मुलांकडून लिहून घेतल्या. मग एका सकाळी लक्षात आलं की सातवा खांब मागे गेला आणि मी मोजायचं विसरले. साक्षीला सांगितलं तर म्हणाली, आई, हळू धाव, आणखी हळू, तुला बोलता आलं पाहिजे. म्हणून आता मी धावताना पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा चिंचेपाशी संपतो. दूधवाला आता गाडी थांबवत नाही. नुसतं विचारतो, आज कितीचा.

भुईमूग राहिला नाही. ऊस आणि मधेमधे ढबू मिरचीची शेडं. पण त्या वाटेला लागलं की माझ्या कानात घंटी वाजते. तू उकरू नकोस म्हणालास, पण मला लिहू दे, एकदाच.

सत्त्याऐंशी साली आबा सगळ्यांना सांगत सुटले होते की यंदा पुलापासून माझी माला ज्योत आणणार. तोवर कधी मुलीने आणली नव्हती. मी इंदापूरपासून टेम्पोत तेलाचा डबा मांडीत घेऊन बसले होते. ज्योत मंदावली की टेम्पो पुढे घ्यायचा आणि काकड्यावर तेल घालायचं, हे माझं काम. निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं, सणसर गेलं. पुलाआधी ज्योत तुझ्या हातात होती. मी खाली उतरून ओढणी कमरेला बांधून उभी राहिले. तू न थांबता पुढे गेलास. आबा पुलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी तुला थांबवलं नाही. मी पुन्हा टेम्पोत बसले. विहारापाशी उतरले तर आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

लोक काही म्हणाले असतील, आबांचं मन फिरलं असेल, असं मी समजून घेतलं. त्यांच्यावर राग धरला नाही. पण त्यांना मी कधी विचारलंही नाही, आणि त्या दिवसानंतर आबांनी माझ्यामागे सायकल आणली नाही. यंदा मी हो म्हणाले ते बहुतेक त्यामुळे. मला ज्योत घेऊन चालायचं नाहीये, दादा. एकही पाऊल नाही.

वहिनींना सांग, तुझी खुर्ची मला नको. लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
माला

वालचंदनगर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. माला,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा तुझी वहिनी समोर बसली आणि म्हणाली, आता लिवा, न्हायतर मी लिवते.

आबांचं मन फिरलं नव्हतं. तू उतरलेली मी पाहिली. ओढणी बांधत होतीस तेही पाहिलं. पुलावर हलगी सुरू झाली, दोन्ही बाजूंनी गाव उभं होतं, माझ्याबरोबरची पोरं शिट्ट्या मारत होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. मशाल खाली घ्यायला माझा हात वळलाच नाही. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

याच्यापुढचं जास्त वाईट आहे. विहारापाशी आबांनी विचारलं, माला कुठं हाय. मी सांगितलं, ती घाबरली, नको म्हणाली, दादा तूच घे म्हणाली.  आबा म्हणाले, तिला कोणी काही बोलू नका, लहान आहे. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण तुला लाज वाटू नये असं त्यांना वाटत होतं. सायकलही त्यामुळेच बंद झाली.

आबांच्या शेवटच्या आजारात सांगायचं ठरवून आलो होतो. तू त्यांचे पाय चेपत होतीस. मी चहा पिऊन परत गेलो.

आता माया ठेव असं लिहायला मला तोंड नाही.

लखन

कन्हेरी,
३० मार्च २०२५

लखनदादास,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी बारा दिवस धावले नाही. बूट दाराआड ठेवले. ह्यांनी कोथिंबीर स्वतः आणली.

मला तुझा राग ज्योतीसाठी आला नाही. ती तू नेलीस, नेलीस. आबा गेले तेव्हा त्यांच्या मनात मी घाबरलेली मुलगी होते आणि माझ्या मनात ते फिरलेले बाप होते. एका घरात, एका ताटाशी बसून आम्ही दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षं माफ केलं, आणि दोघांनीही काही केलेलं नव्हतं. हे तू एका वाक्यात मोडू शकत होतास. कुठल्याही दिवाळीला.

तेराव्या दिवशी मी पुलावर गेले. पाढे म्हटले नाहीत. तू आबांना जे सांगितलंस ते खोटं, एवढंच दर खांबाला म्हणत गेले. वाढत वाढत आता बावीस झाले. चार बाकी आहेत आणि दिवस चौदा.

तू ये. इंदापूरला दुपारी दोनला टेम्पोत बस. तेलाचा डबा तुझ्याकडे राहील.

विजयमाला

वालचंदनगर,
१६ एप्रिल २०२५

प्रिय मालास,
लखनचा सप्रेम जयभीम.

तुझ्या घरी त्या रात्री माणसांची एवढी गर्दी होती की आपल्याला दोन शब्द बोलता आले नाहीत, आणि तू बोलली असतीस तरी हलगीने माझं मशीन निकामी झालं होतं. म्हणून मागून काय दिसलं ते लिहितो.

डबा मांडीत घेतला की पँट तेलाने भिजते, हे मला माहीत नव्हतं. ऊन असतं, टेम्पो तुटक चालतो, तेलाच्या वासाने डोकं धरतं. आणि सगळ्या वाटेत धावणाऱ्याची पाठ तेवढी दिसते. निमगाव केतकीपर्यंत मला कंटाळा आला. तू हे सगळं पुलाच्या आशेवर सोसलं होतंस, हे मला सणसरच्या पुढे कुठेतरी कळलं.

पुलावर पायलने तुझ्या हातात ज्योत दिली तेव्हा मी मोजायला सुरुवात केली. चिंचेपर्यंत तू छान होतीस. अठराव्याला मशाल डाव्या हातात घेतलीस. विसाव्याला तुझी टाच घासायला लागली. गिरणीपाशी तुझं धावणं आणि चालणं यात फरक ओळखू येईना, आणि मागे धावणाऱ्या मंडळाच्या सौरभने ज्योत घ्यायला हात वर केला. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मी टेम्पोतून उतरलो. कसा उतरलो ते विचारू नकोस, तुझ्या वहिनीला अजून खरं वाटत नाही. डबा घेऊन तुझ्या बाजूला आलो आणि सवयीने म्हण, वेडेपणाने म्हण, मोकळा हात पुढे केला.

तू माझ्या हाताकडे पाहिलंस. मग मशाल माझ्याकडे तिरकी केलीस, देण्यासाठी नव्हे. काकडा विझत आला होता. मी तेल घातलं. जाळ वर आला, तू मान वळवलीस आणि तुझी पावलं पुन्हा उचलायला लागली. राहिलेले तीन खांब मी तुझ्या मागे पळालो. माझी उजवी चप्पल गिरणीपाशी पडली आहे. कोणी उचलली नसेल तर ठेवून दे.

विहाराच्या पायरीवर ताईआत्या बसली होती. लोकांनी तुला आत नेलं तसा मी तिच्याशेजारी टेकलो. हलगी थांबल्यावर तिने माझ्या कानाला तोंड लावलं. म्हणाली, कचरूनं, तुज्या आबानं, मला सांगितलं व्हतं, पुलापासनं माझी माला ज्योत आणंल, तू हितंच बसून बघ. तवापासनं बसतीय. लई दमानं आली की रं पोरगी.

मग मी तिला सत्त्याऐंशीचं सगळं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, तिलाही ऐकू कमी येतं, त्यामुळे आवारातल्या निम्म्या गावानेही ऐकलं. बरं झालं.

डबा मी घरी आणला आहे. घासून माळ्यावर ठेवला, आबांच्या घंटीशेजारी. पुढच्या वर्षी क्वार्टर सुटेल तेव्हा दोन्ही घेऊन कन्हेरीला येईन. घंटी तू ठेव. डबा माझ्याकडे राहू दे.

एवढी माया उरली असेल तर एक ओळ लिही.

तुझा,
दादा