सोडियम कमी आलं त्या दिवशी

प्रिय आत्याबाई,

'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. बावीस वर्षं तुमच्या घरात सून म्हणून राहिले, पण असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, "काऊन वं, काय पाह्यजे तुले?" तर काय पाहिजे तेच सांगायला बसले आहे. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाजवळ नाही.

आज सकाळी मी अंगणवाडीत असताना लोणारहून रेहानाचा फोन आला. आठवते ना रेहाना? मेहकरला डायलिसिसच्या दिवशी तुमच्या शेजारच्या खाटेवर तिचे सासरे असायचे, बांगडीवाले चाचा. पोरगी फार घाबरली होती. "ताई, अब्बाचं सोडियम कमी आलं म्हनते रिपोर्टात. अन् सकाळपासून कायबी बरळून राह्यले ते. मीठ टाकून पानी देऊ का त्याहिले? तुमाले लय माहीत हाये, म्हून पयले तुमालेच लावला फोन."

आत्याबाई, मी किंचाळले! खरोखर किंचाळले. अंगणवाडीतली दोन पोरं दचकून रडायलाच लागली. मीठ नको, पाणी नको, आधी गाडी कर आणि मेहकर गाठ, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पन ताई, तुमाले कसं माहीत?"

"डॉक्टर सांगत होते एकदा," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मीठ नावापुरतं आणि पाणी दिवसाला तीन पेले. मी पडले अंगणवाडी सेविका. अख्ख्या बीबी गावाला काय खावं, काय खाऊ नये हे मी शिकवणार, मग घरात ढिलाई कशी चालेल? मिठाचा डबा मी माझ्या साड्यांच्या कपाटात कुलपात ठेवला. तुमची भाजी वेगळी, तुमचं वरण वेगळं. पाण्याचा पेला मी हातात देणार, तेव्हाच तुम्ही पिणार.

तुम्हीही काही कमी नव्हता! लोणच्याच्या बरणीत बोट घालताना किती वेळा पकडलं तुम्हाला? पकडलं की आधी बोट चाटून मोकळ्या व्हायचा आणि मग माझ्यावरच चढायचा. शेजारणी दारात आल्या की सुरू, "माही सून मले मीठ देतच नाई. म्हाताऱ्या मानसाले अळणी चारते." मला राग यायचा. पण एक सांगू? पाय सुजलेले नाहीत, दम लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले की तो राग कुठल्या कुठे जायचा. मेहकरहून परतताना एसटीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचा, तेव्हा तर अजिबात राहायचा नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात तो रिपोर्ट आला. सोडियमपुढे खाली दाखवणारा बाण. शोभाताई माहेरी आल्या होत्या. तुमचीच लेक, तोंडाला कुलूप कुठलं! "वहिनी, सोडियम म्हंजे मीठच ना? दोन वर्स अळणी खाऊ घालून माह्या मायच्या अंगातलं मीठच संपोलं तुमी!"

सुईसारखं घुसलं ते. डॉक्टरांना फोन करायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण मला वाटलं, खरंच की, जे कमी झालं ते भरून काढायचं, यात विचारायचं काय? आणि खरं सांगते, आत्याबाई, मनातून मला आनंद झाला होता. दोन वर्षांनी तुमच्या पुढ्यात चांगलं ताट वाढायला मिळणार होतं.

दुपारी मी झुणका केला, ठेचा कुटला, गरम भाकर, वर मीठ लावलेली कैरी. तुम्ही ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज काय सूर्य पश्चिमेकून निंगाला का वं?" म्हणालात. सगळं खाल्लंत. ताट बोटानं पुसून खाल्लंत. जेवून झाल्यावर माझ्या गालावरून हात फिरवलात. लग्नानंतर तसा हात तुम्ही पहिल्यांदा फिरवला होता.

त्यानंतर मी गावातल्या बाळांची वजनं करायला गेले. ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातली पाण्याची चरवी रिकामी! तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, पदर ओला. "तहान लय लागली होती वं," एवढंच बोललात. मी काय केलं असेल? ह्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून चरवी पुन्हा काठोकाठ भरून ठेवली. आजही पाणी भरताना हात त्याच जागी थांबतो, आणि मागून कुणी बघतंय असं वाटतं.

सकाळी तुम्हाला श्वास घेता येईना. खाटेवरून शेळ्या हाकला म्हणत होता, मला माय म्हणत होता. मेहकरच्या दवाखान्यात तुम्हाला सरळ आयसीयूत घेतलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हा तिघांना समजावलं. अंगात मीठ कमी झालेलं नाही, पाणी जास्त झालंय. वरणात पाणी फार पडलं की ते अळणी लागतं, म्हणून मीठ काही पळून गेलेलं नसतं. आता वरून खारट दिलं की तहान वाढते, पाणी वाढतं आणि लघवी होत नाही त्या माणसाच्या छातीत ते साठतं.

हे आणि शोभाताई ऐकायलाच तयार नव्हते. "एका दमात वाढवून टाका ना ते सोडियम!" डॉक्टर म्हणाले, तसं करता येत नाही. बऱ्याच दिवसांत हळूहळू उतरलं असेल आणि आपण झपाट्यानं चढवलं, तर मेंदूला इजा होते. डायलिसिसवर तर ते भराभर चढतं, म्हणून यंत्र जपून चालवावं लागतं. एकदोन दिवसांतच उतरलं असेल तर हात जरा सैल सोडता येतो. "म्हणून विचारतो, काल-परवा आजींनी खारट काही खाल्लं का? पाणी किती प्याल्या?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. दार उघडंच होतं. कोणतं साल चालू आहे हेही सांगता न येणाऱ्या तुम्ही, अगदी स्वच्छ बोललात, "तिले कायले इचारता? माही सून मले मीठ देतच नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना?" आणि मी मान हलवली.

हळूहळूच उतरलंय असं धरून यंत्र जपूनच चालवलं त्यांनी. चार दिवस जपून चालवलं. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

मी बोलले असते तर तुम्ही वाचला असता का? कोण सांगणार? कदाचित तरीही नाही. पण त्या 'कदाचित'ला रोज सकाळी अंगणात बसलेलं मी बघते. गावात माझं नाव झालं ते वेगळंच. "सून असावी तर वंदनासारखी, सासूच्या मिठाला जागली," असं म्हणतात बाया. हे तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात, हिनं माझ्या आईचं लेकीसारखं केलं.

उद्या अक्षय तृतीया, आपली अखजी. तुम्ही गेल्यानंतरची पहिलीच. तुमच्या नावानं मातीची घागर भरायची आहे, आणि ती सुनेनंच भरायची, असं शोभाताईंचं म्हणणं. तुमच्या नावानं मी पाणी भरू? मी?

आता विचारतेच. त्या दिवशी ते तुम्ही कशानं बोललात? डोकं भ्रमलं होतं, म्हणून दारातली जुनी तक्रार तोंडातून निघाली? की माझा चेहरा दिसला तुम्हाला, आणि सगळं कळून तुम्ही मला पाठीशी घातलंत? अकरा महिने मी हाच विचार करते आहे. कळून बोलला असाल तर माझ्यासाठी तुम्ही फार मोठी किंमत दिलीत, आणि मी ती देऊ दिली. भ्रमात बोलला असाल तर मी एका आजारी म्हातारीच्या बरळण्याआड लपून बसले. कसंही धरलं तरी मान हलवली ती मीच.

मघाशी रेहानाचा पुन्हा फोन आला. चाचांना आत घेतलंय, अजून काही सांगता येत नाही म्हणे. पण डॉक्टरांनी विचारलं, काय-काय खाल्लं, किती प्याले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चोरून प्यालेलं दोन बाटल्या पाणीही सांगितलं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी ती!

म्हणून शब्द देते, आत्याबाई. हे पत्र संपलं की उठणार. ताट मी वाढलं, चरवी मी भरली आणि डॉक्टरांपुढे गप्प मी राहिले, हे आजच ह्यांना आणि शोभाताईंना समोर बसवून सांगणार. अखजी झाली की मेहकरला जाऊन डॉक्टरांनाही सांगणार. शोभाताई रिपोर्ट बघून काय बोलल्या होत्या, ते मात्र सांगणार नाही. त्यांची आई गेली आहे, तेवढं त्यांना पुरे. ह्यांनी नंतर माझ्याशी बोलणं टाकलं तरी मी ते सोसेन, पण तुमच्या त्या वाक्याआड आता आणखी एक दिवसही राहणार नाही.

ओसरीवरून शोभाताई हाक मारताहेत, "वहिनी, च्या मांडता का वं?" आवाज हुबेहूब तुमचा.

आले, आत्याबाई.

तुमची सून,
वंदना