वेटिंग रूममधले शिरच्छेद

२१ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.४०

दवाखाना उघडायला वीस मिनिटं आहेत. मदतनीस मावशी आत चिमटे आणि आरसे उकळायला ठेवतायत. मी काउंटरवर. पेशंट अजून एकच, गालाला रुमाल बांधलेला.

आजपासून संकल्प. माझ्या मागच्या पांढऱ्या फळ्यावर गेले दोन महिने "मॅडम दहा वाजता येतील" एवढंच लिहिलं जातंय. एवढा मोठा फळा आणि एक ओळ! आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, तीही इतिहासाची. लोक इथे तासतासभर प्लास्टिकच्या जबड्याकडे बघत बसतात. त्यांचे दात मॅडम बघतील, बाकीचं डोकं मी बघणार. रोज एक दिनविशेष, जगाच्या इतिहासातला.

ट्रायलचे तीन महिने १३ फेब्रुवारीला संपतात. मग कायम करायचं की नाही ते मॅडम ठरवणार. बाबांनी बसडेपोत "पोरगी दवाखान्यात लागली" असं सांगूनही टाकलंय. नाहीच झालं तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक स्टूल माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे. पण होणारच. फळा बघितल्यावर तर नक्कीच.

पहिला दिनविशेष: १७९३. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा गिलोटिनने शिरच्छेद. शेजारी गिलोटिनचं चित्र काढलं. पात्याला मार्करने चमक दिली.

त्याच दिवशी, दुपारी

रुमालवाल्या गृहस्थांनी फळा पूर्ण वाचला. मग म्हणाले, "जरा भाजी घेऊन येतो." अजून आलेले नाहीत. इतिहास पचायला वेळ लागतो.

मॅडमनी विचारलं, "ते चित्र कसलं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या खुर्चीसारखं दिसतंय." मी म्हटलं, नाही, त्यात माणूस पालथा झोपतो. त्यावर त्या आत निघून गेल्या. विचारात पडल्या असाव्यात.

२४ जानेवारी, गुरुवार

आजचा विषय जोरदार. १८४८, कॅलिफोर्नियात लाकडाच्या गिरणीच्या पाटात सोनं सापडलं, लोक घरदार सोडून तिकडे धावले. अकरा वाजता एका सुतारकाकांनी चौकशी केली, सोन्याची कॅप बसवून मिळेल का? मॅडम चक्क हसल्या. इतिहास धंद्याला चालना देतो, हे १३ तारखेला मुद्दाम बोलायचं.

मावशी म्हणतात, "अगं, तो दोन वर्षं हेच विचारतोय." मावशींना कार्यकारणभाव कळत नाही.

२७ जानेवारी, रविवार

सुट्टी. जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्या फळ्यावर रोज कुणीतरी मेलंच पाहिजे का गं?" मी शांतपणे समजावलं की इतिहासातले सगळेच लोक आता मेलेले आहेत. तो विषयाचा स्वभाव आहे.

आई भांडी आवरताना म्हणाली, "कायम होईपर्यंत तरी कोणाला मारू नकोस बाई."

वहीत पुढच्या तारखा काढून ठेवल्या. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शिरच्छेदांचा हंगामच दिसतोय. ३० ला एक, ८ ला एक, १२ ला एक, १३ ला एक. यात माझा काय दोष? तारखा मी नाही ठरवल्या.

३० जानेवारी, बुधवार

आईचं ऐकलं. मृत्यूचा उल्लेख नाही. एवढंच लिहिलं: "१६४९. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने आज दोन शर्ट घातले."

कमालीचा प्रतिसाद! सगळ्या वेटिंग रूमला एकच प्रश्न: दोन का? एका रिटायर्ड मुख्याध्यापिका आजींनी तर चष्मा पुसून विचारलं. आता विचारल्यावर सांगणं भागच होतं. थंडीने अंग कापलं तर लोकांना वाटेल राजा घाबरला, म्हणून. कशाला घाबरला? तेही सांगितलं. कुऱ्हाडीपर्यंत. थोडं हातवारे करून.

आजींनी शाल घट्ट केली आणि दाराकडे निघाल्या. मावशी धावत गेल्या, त्यांचा हात धरला, "काही होत नाही हो, मी आहे ना बाजूला," असं म्हणत म्हणत त्यांना थेट खुर्चीत नेऊन बसवलं. मावशींची पद्धत जुनी आहे. हात धरायचा आणि काही होत नाही म्हणायचं. पुरावा शून्य.

बाकीच्या अकरातले सहा जण गेले. मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, "पेशंट आधीच घाबरून येतात गं. आपलं काम ते कमी करायचं." मी मान हलवली. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे.

३१ जानेवारी, गुरुवार

ठीक आहे. आनंदी इतिहास. १९६१, हॅम नावाचा चिंपांझी अंतराळात जाऊन सुखरूप परत. मुद्दाम "सुखरूप" खाली दोन रेघा. हसरा चिंपांझी काढला, सीटला पट्ट्यांनी बांधलेला.

टेलरकाका बराच वेळ चित्राकडे बघत होते. मग हळूच, "मलापण बांधणार का?"

त्यांना विनोदाची चांगली जाण आहे. विनोद करून निघूनही गेले.

१ ते ७ फेब्रुवारी

मॅडमच्या विनंतीवरून फळ्याला विश्रांती. विनंती जरा मोठ्या आवाजात होती. या काळात गर्दी वाढली. हवामानामुळे असणार.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठ दिवस गप्प बसणं कोणत्याही विचारवंताला जमलं नसतं, मलाही नाही. पण संयम पाळला. फक्त साल आणि नाव: "१५८७. स्कॉटलंडची राणी मेरी." पुढे काही नाही. याहून सौम्य काय लिहिणार?

प्लंबरदादा अक्कलदाढ काढायला आले होते. म्हणाले, "राणीचं काय झालं पुढे?" मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "आता सांगाच, नाहीतर तेच डोक्यात राहील." खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खालच्या आवाजात सांगितलं, पहिला घाव चुकला, मग दुसरा घालावा लागला.

नेमकं त्याच क्षणी आतलं ड्रिल थांबलं आणि भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला, "अरेरे. परत करावं लागणार."

प्लंबरदादांची एक चप्पल इथेच राहिली आहे.

संध्याकाळी मॅडम पर्स उचलताना म्हणाल्या, "बुधवारी बोलू आपण." बुधवार म्हणजे १३. कायम करण्याबद्दलच असणार. धाकटीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मामाला फोन करू का?" मत्सर.

११ फेब्रुवारी, सोमवार

अखेर! डोकं न उडणारा, डोळ्यांत पाणी आणणारा दिवस. १९९०, नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून मुक्त. तीन रंगांत लिहिलं. कडेने साखळी काढली, तिची प्रत्येक कडी वेगळी रंगवली.

मॅडमना यायला उशीर झाला, खोली खचाखच भरली. एक ट्रकड्रायव्हर मोठ्याने म्हणाले, "सुटला बिचारा! आमची सुटका कधी?" सगळी खोली हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या अंगावर काटा आला. यालाच जनजागृती म्हणतात.

मग जरा गोंधळ झाला. आधी कोण आलं यावरून चौघांची जुंपली, कारण नंबरच्या चिठ्ठ्या द्यायला मी विसरले होते. कड्या रंगवत होते ना. मावशी हात पुसत बाहेर आल्या. कोण कधी आलं, कोणाचा कुठला दात, सगळं त्यांना तोंडपाठ. दोन मिनिटांत चिठ्ठ्या वाटून झाल्या. स्मरणशक्ती दांडगी आहे, पण दिशा नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी

निर्णय झाला. उद्या मॅडमनी फळा की नोकरी असं विचारलं, तर फळा. उद्याच्याच तारखेला, १६३३ साली, गॅलिलिओ खटल्याला सामोरं जायला रोममध्ये पोचला होता. योगायोग म्हणता येणार नाही. राजीनामा लिहून तयार आहे. तीन पानं, शुद्धलेखन तपासून.

बाबांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?" म्हटलं, ऑफिसचं. त्यांना फार बरं वाटलं. आईला सांगत होते, "ऑफिसचं घरी आणते बघ."

१३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.१५

लिहायला वेळ नाही, थोडक्यात.

मॅडम सरळ बोलल्या. दुसरी मुलगी बघून ठेवली होती. पण मावशी काल त्यांच्या मागेच लागल्या, "पोरगी मनाने चांगली आहे, नंबरचं मी शिकवते तिला." म्हणून कायम. टेबलावर पत्र होतं. अट एकच: फळ्यावर मॅडमची वेळ आणि चालू नंबर, दुसरं एक अक्षर नाही.

राजीनामा पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती. काचेच्या दारापलीकडे बाबा युनिफॉर्ममध्ये उभे होते, अर्धी ड्यूटी टाकून. दवाखान्याच्या वेळेची पाटी वाचत असल्याचं दाखवत होते. चार ओळींची पाटी, दहा मिनिटं.

माघार गॅलिलिओनेही घेतली. त्याला चार महिने लागले. मला मॅडमनी पेन पुढे करेपर्यंतचा वेळ लागला.

बाहेर आले तर बाबांनी फक्त "सही झाली?" विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी इतक्या जोरात नाक शिंकरलं की आतले पेशंट दचकले. मावशी त्यांना म्हणाल्या, "दादा, तुम्ही जा आता ड्यूटीवर, घाबरवताय सगळ्यांना." मग माझ्याकडे बघून, "चल, कामाला लाग."

फळा पुसला. साखळीचा लाल रंग नीट जात नव्हता, स्पिरिट लावावं लागलं. मग लिहिलं: "आता नंबर ७."

कोपऱ्यातल्या एका माणसाने वर बघितलं, वाचलं, उठला आणि सरळ आत गेला. मी लिहिलेलं वाचून कोणी आतल्या बाजूला गेल्याची ही पहिलीच वेळ.