आराखड्यातलं बुटकं बाकडं

मंगळवार, पाथर्डीला परतल्यावर

ग्रामसेवक म्हणून आज ग्रामसभेत मीच विचारलं, "वीस वर्षांचा आराखडा करायचाय. गाव कसं हवं?"

तरुण पोरं म्हणाली, "तवा आमी पुण्यात असू."

मग ऐंशीच्या कोंडाबाई उठल्या. "स्टँडवर बाकडं टाका. पन बुटकं. माजं पाय लोंबकळत्यात."

"आजी, वीस वर्षांनी?"

"मंग? मी कुठं चाललीय?"

मी टेपनं त्यांच्या गुडघ्याची उंची मोजली. सोळा इंच. उगाच मोजली का? छे, अख्ख्या आराखड्यात पक्की गोष्ट तेवढीच, सोळा इंच!

सरपंचताई म्हणाल्या, "वीस वर्षं कशाला? शनिवारीच टाकू."

मला वाटलं, कोंडाबाई खूश होतील. त्या चक्क रुसल्या.

"मंग आराखड्यात माजं काय ऱ्हायलं?"