दुपारनंतरचं पेव

६ मे १९७५, सोनाळा

पोचलो एकदाचा! संग्रामपूरपासून एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण गाव पाहून शीण गेला. मागे सातपुडा, पुढे नुसती काळी रानं. शंकरराव इथले मोठे शेतकरी. त्यांनी अंगणाकडची खोली दिली, आणि चहा असा की साखरेत पाणी घातलंय म्हणावं. त्यांचा सालदार गडी कडूबा यानं वायूची जड नळकांडी बैलगाडीतून आणली आणि एकही आदळू दिलं नाही. माणूस आवडला.

गावाला सांगायचं, मी पाणी शोधायला आलोय. साहेबांची तशी सक्त ताकीद आहे. खरं काम वेगळं. गेल्या वर्षी वाळवंटात जमिनीखाली अणुस्फोट झाला, तेव्हापासून आमच्या खात्याला एकच ध्यास लागलाय. स्फोट कितीही खोल केला तरी त्याचा वायू खडकाच्या भेगांतून वर येतो. किती दिवसांत आणि कुठून, ते मोजायचं. इथे स्फोट अर्थातच नाही. खात्यानं आधीच पाडून ठेवलेल्या दोनशे फूट खोल भोकात दाबानं निरुपद्रवी वायू सोडायचा आणि वर कुठे निघतो ते पाहायचं.

९ मे

वायू सोडला. सगळी नळकांडी रिकामी.

भोकापासून शंभर पावलांवर, शंकररावांच्या अंगणातच पेव आहे. ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखा फुगलेला, दोन पुरुष खोल. ज्वारी नुकतीच काढली आहे. तळाच्या मुरमात खडकाची लांब भेग उघडी दिसते. नमुना घ्यायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

आल्या दिवसापासून कडूबा रोज सकाळी आत कंदील सोडतो. जळत राहिला तर बाटली घेऊन उतरतो. ऊन कललं की मात्र उतरायचं नाव काढत नाही. म्हणतो, दुपारून पेव धापते साहेब, आजानं सांगेल हाये. मी हसलो. मग वायुभारमापकाकडे पाहिलं. हवेचा दाब सकाळी दहाला सर्वांत जास्त, तिथून चारपर्यंत उतरत जातो. दाब उतरला की खडक आतली कोंडलेली हवा बाहेर टाकतो, चढला की बाहेरची आत ओढतो. त्याच्या आजाला हे यंत्राशिवाय कळलं होतं! कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा रागही आला.

१२ मे

गाव फिरलंय. पाणी कुठाय, असं शंकररावही आता तोंडावर विचारतात. मी दिसलो की विहिरीवरच्या बाया हंडे उचलून चालू लागतात. काल कुणीतरी माझ्या भोकात शेण कोंबलं. कडूबाची बायको मनकर्णाबाई दारात येऊन म्हणाली, भुईत इख सोडून राह्यले तुमी, मले समदं समजते.

सकाळचे नमुने कोरे, वायूचा मागमूस नाही. साहेबांची तार आली: पंधरा तारखेपर्यंत निकाल द्या, नाहीतर सामान आवरा.

१४ मे

आजही कोरे. वायू निघत असेल तर दुपारीच निघणार. मी कडूबाला तीन वाजता उतरायला सांगितलं. तो नाही म्हणाला. दोनदा. सकाळी कंदील जळत राहिला होता ना, असं मी म्हणालो, सरकारी कामात आडवा येतोस का म्हणून दरडावलं.

साडेतीनला दोर धरून उतरला. दोर एकदा हलला. मग नाही.

अंगणातले दोघं गडी धावत उतरायला निघाले, त्यांना मी धरलं. ते बरोबरच केलं. कंदील सोडला तर निम्म्यावर विझला. गळ टाकले, पण तो कडेच्या पोटात कलंडला असावा, लागेना. माझ्या वायूनं खडकातली जुनी विषारी हवा पुढे ढकलली, दुसरं काय! तासाभरानं मीच सांगितलं, कडूबा गेला.

शंकररावांनी विचारलं, सकाळी काढता येईल का? आला असता. मी म्हणालो, उद्या संध्याकाळपर्यंत धोका आहे. पेवावर फरशी ठेवून चिखलानं लिंपली. एक भोक ठेवून तिथून रबरी नळी माझ्या खोलीत, बाटलीपर्यंत. मला चोवीस तासांचा वायू हवा होता. हे दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

१५ मे, सकाळी ११

मनकर्णाबाई फरशीपाशी बसून आहे. म्हणते, ते मेले नाईत, घोरून राह्यले. मी नळी काढून ऐकलं. आवाज आहे. घर्र... घर्र... वायुभारमापकाचा काटा उतरतोय, म्हणजे पेव हवा सोडतंय. शास्त्र खरं ठरलं. तिला समजावलं, चारला काटा फिरेल, आवाज थांबेल. ती माझ्या अंगावर थुंकली.

दुपारी २

अंगणात तीस-चाळीस माणसं. शंकररावांनी पाणीसुद्धा पाठवलं नाही. भीती वाटते. चार वाजू देत.

४.१०

काटा थांबला. आवाज आहे.

४.४०

काटा चढतोय. नळीच्या तोंडाशी कापूस धरला — आत ओढला गेला. पेव हवा आत घेतंय, सोडत नाही. तरी घर्र... घर्र...

बाहेर फरशी फोडा म्हणून ओरडताहेत. पहार माझ्या खोलीत आहे. कोणी उघडू नये म्हणून मीच काल आत आणून —

ताजी हवा रात्रीही नळीतून आत जात असणार. काटा चढला तेव्हा तेव्हा — कडेच्या पोटात, त्याच्या तोंडावरून भेगेत — चोवीस तास तो —

दार हादरतंय. नळी कानाला लावली. हे घोरणं नाही. तो हळूहळू — मला — तो म्हणतोय, साहे